गॅरेजमध्ये सीडरच्या पट्ट्यांची कनू: कुणी केली आहे का?

निनाद_मिसिसागा

नमस्कार मंडळी,

मी टोरंटोजवळ मिसिसागात राहतो. वय ३८, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. गेल्या उन्हाळ्यात अल्गाँक्विन पार्कात दोन दिवस भाड्याची कनू (वल्ह्यानं चालवायची अरुंद, हलकी होडी) चालवली आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की आपली आपण एक लाकडाची करावी. मागच्या महिन्यात पीटरबरोचं कनू म्युझियम बघायला गेलो होतो (लिटल लेकच्या काठावर नवी इमारत झालीय, जरूर जा). तिथे सीडरच्या पट्ट्यांच्या जुन्या होड्या बघितल्या आणि परतीच्या वाटेवर गाडीत बायकोसमोर जाहीर करून बसलो. आता माघार घेता येत नाही.

परिस्थिती अशी. गॅरेज २० फूट बाय ११, हिटर नाही. हत्यारं म्हणाल तर ड्रिल, जिगसॉ, एक गोल सँडर. अनुभव म्हणाल तर चपट्या खोक्यातून येणारी कपाटं जोडलीत, एक दार अजून उलटं उघडतं. १६ फुटी कनू करायची आहे. नकाशे विकत मिळतात हे कळलं. पण सुतारकाम न येणाऱ्या माणसाला हे खरंच जमतं का? किती दिवस लागतात? आणि इपॉक्सीचं (दोन द्रव कालवून लावायच्या, वाळून कडक होणाऱ्या राळेचं) प्रकरण व्हिडिओत दाखवतात तितकं सोपं असतं का? इंग्रजीत वाचून वाचून डोकं भणभणलंय, म्हणून इथे विचारतोय.

सुमेधा_कॅलगरी

मी केली नाही, पण आमच्या शेजाऱ्यांनी केली. बेसमेंटमध्ये. सुरेख झाली. जिन्याचं वळण मात्र शेवटी मोजलं. खिडकी चौकटीसकट काढून, भिंतीचा एक तुकडा पाडून होडी बाहेर आली. तुमचं गॅरेज आहे म्हणजे अर्धी लढाई जिंकलात.

(कनू म्हटलं की मला आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधले कनूभाई आठवतात. पण ते असो.)

कृष्णाकाठ

निनाद, मी केली आहे. १६ फुटी. २०१९ च्या मे महिन्यात सुरुवात, २०२० च्या जुलैत पाण्यात. वहीत तास टिपून ठेवायचो, ते २७० भरले. टिपायचे राहिलेले धरले तर तीनशे. बायकोच्या हिशोबानं चारशे. मी मूळचा सांगलीचा, आता ओंटारियोतल्या लंडनला असतो, ६१ वय, गेल्या वर्षी निवृत्त झालो. म्हणजे सुतार मीही नव्हतो. वडील फिटर होते, त्यामुळे कानस कशी धरायची तेवढं माहीत होतं.

सुतारकाम येत नाही याची काळजी सोड. रंधा हातात बसायला आठवडा लागतो. तुझी खरी अडचण वेगळी आहे आणि ती तू दोन शब्दांत उरकलीस: ‘हिटर नाही’.

लाकडाचं काम कानटोपी घालून थंडीतही होतं. इपॉक्सीचं होत नाही. गारव्यात ते काकवीसारखं घट्ट होतं, कापडात मुरत नाही, दुसऱ्या दिवशी हात लावावा तर चिकट. वीस-बावीस डिग्री असली की बरं. आपल्याकडे बिनहिटरच्या गॅरेजमध्ये हे तापमान मिळतं मे अखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, बस. म्हणून कॅलेंडर उलटं मांड. बाहेरून फायबरग्लासचं कापड इपॉक्सीनं चढवायचा दिवस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात धर आणि तिथून मागे मोजत ये. तो दिवस चुकला तर होडी साच्यावर उपडी पडून राहते आणि तू पुढच्या मेपर्यंत तिच्या बाजूनं अंग चोरून कचऱ्याचे डबे बाहेर नेतोस.

आता काम कसं चालतं ते सांगतो. होडी उपडी बांधतात. एक लांब सरळ तुळई करायची, प्लायवूडची पोकळ पेटी केली तरी चालते. तिच्यावर दर फुटाला प्लायचा एक साचा उभा करायचा. प्रत्येक साचा म्हणजे त्या जागी होडी आडवी कापली तर दिसेल तो आकार. दोन्ही टोकांना नाळेचे (होडीच्या निमुळत्या टोकाचे) वेगळे साचे. साच्यांच्या कडांना खोकी बंद करायची तपकिरी चिकटपट्टी लावायला विसरू नकोस, नाहीतर होडी साच्यालाच चिकटेल. साचे एका रेषेत आणि एका पातळीत आणायला मला तीन शनिवार-रविवार गेले. लेझर होता, तरी शेवटी ताणलेली दोरी आणि ओळंबाच कामी आला.

लाकूड वेस्टर्न रेड सीडर. नाव सीडर असलं तरी हा आपल्या देवदाराचा भाऊबंद नाही. देवदार खरा सीडर, हा सायप्रसच्या कुळातला. वजनाला हलका, रेषा सरळ, लवकर कुजत नाही. पाऊण इंच जाडीच्या फळ्या उभ्या चिरून पाव इंचाच्या पट्ट्या काढायच्या. सहा इंची म्हणून विकतात ती फळी भरते साडेपाच. करवतीचं पातं दर वेळी आठवा भाग इंच खातं, म्हणजे एका फळीतून चौदा पट्ट्या निघतात आणि तिसरा हिस्सा लाकडाचा भुसा होतो. मी सहा फळ्या घेतल्या, ८४ पट्ट्या निघाल्या, गाठीच्या आणि मोडलेल्या सोडून सत्तरेक लागल्या. आणि हो, सोळा फुटी होडीला सोळा फुटी पट्टी पुरत नाही, कारण तिला बाक घ्यायचा असतो. तिरका काप देऊन जोड लावावा लागतो. प्रत्येक पट्टीच्या एका काठाला गोलाई आणि दुसऱ्या काठाला खोबण पाडायची, म्हणजे वळणावरही एकीत एक बसते. तुझ्याकडे टेबल सॉ (फळ्या चिरायचं यंत्र) आणि राउटर (खोबण पाडायचं यंत्र) दोन्ही नाही, तेव्हा गोलाई-खोबण पाडलेल्या तयार पट्ट्या विकत घे. महाग पडतात, पण दहा बोटं शाबूत राहतात.

भुशाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मला महागात पडलंय. पट्ट्या चिरल्या त्या आठवड्यात सर्दी झाली. मी म्हटलं, वसंतातले परागकण. मग रात्री दोन-दोन वाजता खोकल्यानं उठायला लागलो, छातीत शिट्टी वाजायची. बायको म्हणाली, शनिवारी-रविवारीच का वाढतो हा खोकला? डॉक्टरांनी पहिला प्रश्न लाकडाचाच विचारला. रेड सीडरच्या भुशात प्लिकॅटिक ॲसिड असतं, त्यानं दमा होतो. ब्रिटिश कोलंबियातल्या लाकूड गिरण्यांच्या कामगारांना तो पूर्वीपासून होत आलाय. तेव्हा नाकावर रुमाल बांधून भागणार नाही. दोन बाजूंना फिल्टर असलेला रबरी मास्क घे, सँडरला व्हॅक्यूम जोड, आणि ते कपडे घरात आणू नकोस. इपॉक्सीचंही तेच: कातडीला लागत राहिलं तर एक दिवस अंग उठतं आणि मग जन्मभर ते सोसत नाही. हातमोजे डझनानं आण.

पट्ट्या लावणं हा सगळ्यात सुखाचा भाग. संध्याकाळी कामावरून येऊन दोन्ही बाजूंना दोन-दोन पट्ट्या. खोबणीत पिवळा सुतारी गोंद, पट्टी बसवायची, प्रत्येक साच्यावर स्टेपलरची एक पिन. रात्रीत गोंद धरतो. घरभर सीडरचा वास (तोच, दमा देणारा). पहिली पट्टी काठाची, तिच्यावर पुढच्या सगळ्यांची रेघ ठरते, म्हणून तिला हवा तेवढा वेळ दे. गॅरेजच्या दारात उकिडवा बसून एक डोळा मिटून बघ. एखाद्या साच्यापाशी पोट निघालेलं किंवा खड्डा दिसला तर पट्टी नाही, साचा चुकलाय. साचा तास किंवा कडेला पातळ चकती लाव. बोट फिरवलंस तर कळतं, मापानं कळत नाही.

माझ्या होडीला डाव्या बाजूनं अठरावी पट्टी आहे, ती मधल्या चार साच्यांवर नीट बसलेली नाही. तिथे गोंदाची काळपट रेघ दिसते. ८ ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेचा पूर होता. भाऊ गावभागात राहतो, तळमजला पाण्यात, हे लोक वरच्या मजल्यावर. खोबणीत गोंद भरून मी पट्टी उचलली आणि फोन वाजला. ब्रह्मनाळला लोकांना पुरातून बाहेर काढणारी होडी उलटली, हे त्यानंच सांगितलं. आमची आत्या त्या भागातली. ती होडीत नव्हती, पण हे कळायला चाळीस मिनिटं गेली आणि तेवढ्यात गोंद ओढला होता. नंतर ती पट्टी उखडून नवी बसवता आली असती. नाही बसवली.

लहानपणी पावसाळ्यात कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघायला आम्ही आयर्विन पुलावर उभे राहायचो. होडी म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. तर मुद्दा हा की लाइफ जॅकेट. कॅनडात होडीत जितकी माणसं तितकी जॅकेटं ठेवणं कायद्यानं सक्तीचं आहे. शिवाय किमान १५ मीटरची तरंगती दोरी, पाणी उपसायला भांडं किंवा पंप आणि शिट्टी. पण कायदा ‘ठेवा’ म्हणतो, मी ‘घाला’ म्हणतो. मे महिन्यात इथल्या तळ्यांवरचा बर्फ नुकता गेलेला असतो. त्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही.

बाकीचं उद्या लिहितो. इपॉक्सीवर स्वतंत्र लिहावं लागेल.

निनाद_मिसिसागा

काका, (काका म्हटलं तर चालेल ना?) सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. भुशाचं कुठल्याच व्हिडिओत इतकं ठासून सांगितलं नव्हतं. मुलगी सात वर्षांची आहे आणि तिला ‘मदत’ करायची आहे, त्यामुळे हे आधी कळलं ते बरं झालं.

अजून दोन शंका. पिनांची भोकं दिसतात का? आणि फायबरग्लास फक्त बाहेरून लावलं, आतून नुसतं वॉर्निश मारलं तर? वजन आणि पैसे दोन्ही वाचतील.

कृष्णाकाठ

काका चालेल. आजोबा म्हणू नकोस.

भोकं दिसतात. ओळीनं, शिवणीच्या टाक्यांसारखी. मला आवडतात. हजारावर पिना उपसल्यात, प्रत्येक भोकाशी ओळख आहे. नको असतील तर पिनांऐवजी शिकंजे आणि रबर ट्यूबच्या पट्ट्या वापरून करता येतं, वेळ दीडपट.

आतून कापड लावायचंच. पाव इंचाच्या सीडरमध्ये आडवी ताकद काहीच नाही, बोटांनी उभी चिरता येते. दोन्हीकडून कापड बसलं की मधलं लाकूड सँडविचसारखं काम करतं. बाहेरून दगड लागतो तेव्हा ताण आतल्या कापडावर येतो. ते नसेल तर पट्टी आतून तडकते. पीटरबरो-लेकफील्ड भागात एकोणिसाव्या शतकात सीडरच्या होड्या व्हायच्या त्यांना आत लाकडी फासळ्या असत, म्हणून त्या कापडाशिवाय टिकल्या. त्याही आधी इथल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे लोकांच्या भूर्जाच्या सालीच्या कनू. आकार मूळ त्यांचाच. तू ज्या गावात राहतोस त्याचं नावसुद्धा त्यांच्यातल्याच मिसिसागा लोकांवरून पडलंय.

आता इपॉक्सी. आधी होडी घासून गुळगुळीत करायची. रंध्यानं पट्ट्यांच्या धारा काढ, मग सँडरला ८० नंबर, मग १२०. ओल्या फडक्यानं सगळी पुसलीस की दबलेले भाग आणि गोंदाचे डाग उठून दिसतात, वाळल्यावर पुन्हा हात फिरव. मी इथे घाई केली नाही. घाई केली पुढे.

कापड ६ औंसाचं, ६० इंच पन्ह्याचं. आतबाहेर मिळून बारा वार लागलं. इपॉक्सी एकूण अकरा लिटरच्या आसपास. माझं मिश्रण तीनास एक होतं, तुझ्या डब्यावर असेल ते प्रमाण पाळ, अंदाजानं ओतू नकोस. मी सुट्टी काढून सकाळी नऊला सुरू केलं, दिवस हाताशी राहील म्हणून. दहाला ऊन गॅरेजच्या दारावर आलं. माझं दार पूर्वेला. लाकूड तापलं, त्याच्या आतली हवा फुगली आणि ओल्या इपॉक्सीतून बारीक बारीक बुडबुडे वर यायला लागले. दाबावा तर शेजारी दुसरा. दुपारपर्यंत नाळेकडच्या चार फुटांत साबुदाणा झाला होता. नंतर घासून, पुन्हा भरून बराच गेला, तरी तिरप्या उन्हात अजून दिसतो.

म्हणून तापमान उतरणीला लागलं की सुरू करायचं. दुपारपर्यंत गॅरेज चांगलं तापू दे आणि चारनंतर हात घाल. गार होताना लाकूड हवा सोडत नाही, उलट इपॉक्सी आत ओढून घेतं. दुसरं, पेल्यात जास्त कालवून ठेवू नकोस. खोल भांड्यात ते स्वतःच्याच उष्णतेनं पेटल्यासारखं होतं. माझा प्लास्टिकचा पेला वितळून धूर निघाला होता. पसरट ट्रे घे, थोडं थोडं कालव, आणि कालवायला एक माणूस वेगळा ठेव. तुझी बायको कालवेल, मुलगी घड्याळ बघेल, मास्क लावून, दाराबाहेर.

कापड टाकल्यावर होडी आजारी माणसाला पांघरूण घातल्यासारखी दिसते, पांढरीफटक. मग मधोमध थोडं इपॉक्सी ओतायचं आणि रबरी पट्टीनं बाहेरच्या बाजूला सारत न्यायचं. जिथे ओल पोहोचते तिथे कापड दिसेनासं होतं आणि खालचं लाकूड एकदम गुळाच्या रंगाचं वर येतं. फिकट पट्टी, गडद पट्टी, पिनांचे टाके, सगळं. माझी बायको हातात काठी धरून तशीच उभी राहिली, कालवायचं विसरली. एवढ्यासाठी तीनशे तास गेले असले तरी मला तक्रार नाही.

पहिला थर पुरता कडक व्हायच्या आत दुसरा, मग तिसरा, कापडाची वीण बुडेपर्यंत. मध्ये एक रात्र गेली तर वर मेणचट थर येतो, तो साध्या पाण्यानं आणि भांडी घासायच्या हिरव्या चौकटीनं धुऊन काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेवटी वॉर्निश लागतंच, आणि ऊन अडवणारं, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही.

काठाच्या पट्ट्या, बाकडी आणि खांद्यावर घ्यायचं मधलं जू हे सगळं मी ॲश लाकडाचं केलं, हिवाळ्यात, बेसमेंटमध्ये (तुकडे लहान, जिन्यातून जातात). वजन भरलं ५८ पौंड, म्हणजे २६ किलो. खर्च तेव्हा अठराशे डॉलर झाला, त्यात हत्यारं धरलेली नाहीत. ती धरायची नसतात.

राहिलं एक. तळाची शेवटची पट्टी बसते तिला इथले लोक व्हिस्की फळी म्हणतात, ती बसली की बाटली उघडायची. आमच्याकडे आई आली होती, कोकम सरबतावर भागवलं.

देवगडची_लेक

किती छान लिहिलंय कृष्णाकाठ. माझे आजोबा होडीला मुशीच्या काळजाचं तेल लावायचे, दर पावसाळ्याआधी. तो वास ज्यानं घेतलाय त्याला तुमच्या सीडरचं कौतुक कळेल. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी फळ्या काथ्यानं शिवायचे, खिळा नाही. तुमच्या पिनांच्या टाक्यांवरून आठवलं.

निनाद, होडी पाण्यात सोडताना नारळ लागेल. तो नाळेवर आपटून फोडायचा नाही हं! एवढं वॉर्निश केलेलं. नारळी पौर्णिमेला आम्ही नारळ पाण्यात सोडतो, फोडत नाही.

भुगावकर

हे पुण्यात होईल का? मुळशीला घर आहे, शेड मोकळी आहे. सीडर इथे मिळेल का, की सागाच्या पट्ट्या काढू?

कृष्णाकाठ

भुगावकर, सागाची करू नका. साग सीडरच्या दीडपटीहून जड. होडी होईल, पण उचलायला चार माणसं लागतील. रेड सीडर भारतात आयात होतं, बंगल्यांच्या भिंतींना आणि सॉनाला लावतात, पण भाव ऐकून बसाल. पहिल्या होडीसाठी मी म्हणेन आयएस ७१० शिक्क्याचं पातळ मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) घ्या. तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं शिवायचे, सांध्यांवर इपॉक्सी आणि कापडाची पट्टी, मग तारा काढायच्या. देवगडच्या ताईंच्या काथ्याचीच चुलत बहीण. साचे नाहीत, पट्ट्या नाहीत, काही शनिवार-रविवारांत होडी उभी राहते. फक्त इपॉक्सीचं काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत तो मेणचट थर फार येतो. दिवाळीनंतर करा, आणि मुळशीत दुपारी चार वाजता, सकाळी नऊला नाही.

ताई, नारळाचं मी केलं होतं. तळ्यात सोडला, वाऱ्यानं तो परत काठाला आला, आणि एका कुत्र्यानं तो मालकाकडे नेऊन दिला. मालकानं अर्धा तास गळ्यात अडकलेलं हसू दाबून आमची पूजा संपायची वाट बघितली.

निनाद_मिसिसागा

मंडळी, ताजी बातमी. नकाशे मागवले. तयार पट्ट्यांची ऑर्डर दिली, एप्रिल अखेर येतील. मास्क घेतला, मुलीला तिच्या मापाचा वेगळा. माझ्या गॅरेजचं दार पश्चिमेला आहे, म्हणजे ऊन दुपारीच येतं आणि चारला तर भरात असतं. तेव्हा कापडाच्या दिवशी दार बंद ठेवून संध्याकाळी सातला सुरू करीन, चूक असेल तर सांगा काका. गाडी बाहेर ठेवायला बायको तयार झालीय. नोव्हेंबरपर्यंत.

कृष्णाकाठ

सातला बरोबर. दिव्यांची सोय कर, उभे दिवे दोन्ही बाजूंना, नाहीतर कोरडी राहिलेली जागा दिसणार नाही.

नोव्हेंबर कुठल्या वर्षीचा ते बोलणं झालंय का?